पटर: गोल्फवाल्यांच्या लाडक्या काठीची गोष्ट



आपण इथे वाडे, संस्थानी नोकऱ्या, गणपती, जुन्या शाळा यांवर बरंच लिहितो. आज जरा आडवाटेचा विषय घेतोय. गोल्फ, आणि त्यातही फक्त पटर. म्हणजे चेंडू खड्ड्याजवळ पोचला की शेवटी तो हळूच आत ढकलायची काठी. "आपला नि गोल्फचा काय संबंध?" असं विचाराल. बडोद्याच्या मराठी माणसाचा थोडा आहे, तो पुढे येईलच. लेख लांब आहे, चहा घेऊन बसा.

ज्यांनी हा खेळ फक्त टीव्हीवर बघितलाय त्यांच्यासाठी आधी दोन शब्द. गोल्फच्या पिशवीत जास्तीत जास्त १४ काठ्या चालतात. हा नियम अमेरिकेत १९३८ साली आणि ब्रिटनमध्ये १९३९ साली आला. लांब मारायची काठी वेगळी, वाळूतून चेंडू काढायची वेगळी. १८ खड्ड्यांच्या नेहमीच्या मैदानावर चांगल्या खेळाडूचा हिशेब ७२ फटक्यांचा धरतात. त्यात प्रत्येक हिरवळीवर दोन, असे ३६ फटके एकट्या पटरचे. निम्मा खेळ एका काठीवर, आणि उरलेल्या तेरा जणी मिळून निम्मा. खड्डा सव्वाचार इंच रुंद, म्हणजे १०८ मिलिमीटर. आपल्या घरातली आमटीची मोठी वाटी डोळ्यांसमोर आणा, साधारण तेवढा. तीन फुटांवरून त्या वाटीत चेंडू घालायचा असतो आणि भल्याभल्यांचे हात तिथे थरथरतात.

म्हणून गोल्फवाला बाकीच्या काठ्या हौसेने बदलतो आणि पटर मात्र जीवापाड जपतो. नाहीतर उलटं करतो: चार पट चुकले की पटरला कोपऱ्यात उभा करून ठेवतो, शिक्षा केल्यासारखा. या काठ्यांना लोक नावं ठेवतात (दोन्ही अर्थांनी!). हे प्रेम नेमकं कशावर जडतं, हे मला बरेच दिवस शोधायचं होतं. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतोय.

बाहेरून आलेला माणूस आणि बाहेरून आलेली काठी

पहिली गोष्ट १९०४ सालची. वॉल्टर ट्रॅव्हिस नावाचा माणूस. जन्म ऑस्ट्रेलियातला, आयुष्य काढलं अमेरिकेत. पस्तिशीच्या सुमाराला गोल्फ शिकला आणि तरीही अमेरिकेची हौशी खेळाडूंची स्पर्धा तीनदा जिंकला. १९०४ मध्ये तो ब्रिटनची हौशी स्पर्धा खेळायला सँडविचला गेला तेव्हा वय ४२. इंग्लंडात पोचल्यावर त्याचं पटिंग बिघडलं. तेव्हा सोबतच्या एका अमेरिकन गृहस्थाने आपला पटर त्याला वापरायला दिला.

तो पटर होता 'स्केनेक्टडी'. न्यूयॉर्क राज्यातल्या त्या गावी जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करणाऱ्या आर्थर नाइट या इंजिनिअरने तो बनवला होता आणि १९०३ साली त्याचं पेटंट मिळवलं होतं. डोकं अॅल्युमिनियमचं, जाडसर. आणि दांडा नेहमीसारखा टोकाला न बसवता जवळजवळ मधोमध बसवलेला. ट्रॅव्हिसने त्या उसन्या काठीने एकामागून एक पट घातले. अंतिम सामन्यात समोर एडवर्ड ब्लॅकवेल, लांब फटक्यांसाठी प्रसिद्ध. ब्लॅकवेलचा चेंडू ट्रॅव्हिसच्या कितीतरी पुढे पडायचा, पण हिरवळीवर पोचल्यावर ट्रॅव्हिस हिशेब चुकता करायचा. तो जिंकला. ब्रिटनची ती स्पर्धा जिंकणारा पहिला अमेरिकन नागरिक. टाळ्या फारशा पडल्या नाहीत म्हणतात.

पुढे १९१० साली सेंट अँड्रूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबने असे मधोमध दांड्याचे पटर बंद केले. अमेरिकेत लोकांनी लगेच म्हटलं, बघा, सूड घेतला. खरं तर हा विषय निघाला होता न्यूझीलंडच्या एका क्लबाने विचारलेल्या प्रश्नावरून: क्रोकेच्या हातोड्यासारख्या काठीने पट केलेला चालेल का? त्याचं उत्तर देताना स्केनेक्टडीही त्या जाळ्यात अडकला. अमेरिकेच्या संघटनेने बंदी मानली नाही, आणि एकाच खेळात दोन देशांचे दोन नियम चाळीस वर्षं चालले. १९५१ मध्ये दोन्हीकडचे लोक एकत्र बसले तेव्हा कुठे तो पटर ब्रिटनमध्ये पुन्हा रीतसर झाला.

ही गोष्ट मला का आवडते सांगू? आपण सगळे पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या गावात रुजलेली माणसं. बाहेरून आलेल्याने चांगलं करून दाखवलं की आधी त्याच्या हातातल्या काठीकडे बोट दाखवलं जातं, हे इंदूरपासून बेळगावपर्यंत कुणाला नवीन नाही. मग दोन पिढ्या जातात, आणि तीच काठी इथलीच होऊन बसते.

घासून घासून संपलेला चेहरा

दुसरी गोष्ट बॉबी जोन्सची. अटलांटाचा वकील, जन्मभर हौशी खेळाडू. पैशासाठी स्पर्धा खेळला नाही. १९३० साली त्याने अमेरिका आणि ब्रिटनच्या चारही मोठ्या स्पर्धा एकाच वर्षात जिंकल्या आणि वयाच्या २८ व्या वर्षी स्पर्धांतून निवृत्त झाला. त्याच्या पटरचं नाव 'कॅलॅमिटी जेन', अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या एका बेधडक बाईच्या नावावरून पडलेलं. पातळ पोलादी पात्याचा, लाकडी दांड्याचा, आणि दांड्याला दोऱ्याचे वेढे.

आता यातली गंमत. जुनं पोलाद गंजायचं, म्हणून ते घासून लख्ख करायचे. वर्षानुवर्षं घासल्यामुळे पात्याचा चेहरा इतका झिजला की चेंडू जिथे नेमका लागायला हवा ती जागाच बिघडून गेली. म्हणून १९२६ च्या सुमाराला जोन्सने तसाच दुसरा पटर करवून घेतला. इतिहास त्याला 'कॅलॅमिटी जेन दुसरी' म्हणतो. जोन्सच्या १३ मोठ्या विजयांपैकी १० या दुसरीचे, १९३० सालचे चारही तिचेच. पुढे त्या नावाचे पटर बाजारात आले आणि हजारो लोकांनी घेतले. आकार तोच होता, नाव तेच होतं. पण जोन्सचे हात काही दुकानात मिळत नव्हते.

साखरेचे खडे आणि कावड

तिसरी गोष्ट माझ्या सगळ्यात आवडीची. कार्स्टन सोल्हेम. १९११ मध्ये नॉर्वेत जन्मला, लहानपणीच आईवडिलांबरोबर अमेरिकेत आला. बाप चांभारकाम करायचा. यानेही आधी चपला-बूट दुरुस्त केले, मग इंजिनिअर होऊन जनरल इलेक्ट्रिकमध्ये लागला. हो, तीच कंपनी! चाळिशी उलटल्यावर ऑफिसातल्या मित्रांनी गोल्फला नेलं. बाकी खेळ जमायला लागला, पट मात्र जमेनात. दुसरा असता तर म्हणाला असता, माझा हात वाईट. हा म्हणाला, काठीच नीट केलेली नाही.

त्याचा विचार असा होता. पातळ पात्याच्या पटरमध्ये वजन मध्यभागी एकवटतं. चेंडू जरा टोकाकडे लागला की पातं हातात वळतं आणि चेंडू भरकटतो. त्याने आइस्क्रीमच्या चपट्या काड्यांना दोन टोकांना साखरेचे चौकोनी खडे चिकटवून बघितलं की वजन दोन टोकांना ढकललं तर काय होतं. आपल्याकडे याला प्रयोगाची गरज नव्हती, आपण कावड बघितलेली आहे. दोन टोकांना दोन भरलेल्या घागरी असतील तर ती कावड सहजासहजी गर्रकन फिरत नाही. नुसता बांबू मात्र बोटाने फिरवता येतो. सोल्हेमने पटरच्या डोक्याची कावड केली, एवढंच.

१९५९ साली कॅलिफोर्नियातल्या रेडवुड सिटीत घराच्या गॅरेजमध्ये त्याने पहिला पटर केला. चेंडूला लागला की त्यातून 'पिंग' असा नाद निघायचा, म्हणून नाव पिंग. पुढे १९६६ मध्ये त्याला नवा आकार सुचला तेव्हा हाताशी कागद नव्हता. ७८ च्या ग्रामोफोन तबकडीच्या पाकिटावर त्याने चित्र काढलं. बायको लुईझ म्हणाली, हेच तुझ्या प्रश्नाचं उत्तर, नाव 'आन्सर' ठेव. पण इंग्रजीतला तो शब्द पटरच्या टोकावर मावेना, तेव्हा तिनेच सुचवलं की त्यातलं एक अक्षर गाळून टाक. ते अक्षर आजतागायत गाळलेलंच आहे.

१९६९ मध्ये जॉर्ज आर्चर हा पटर घेऊन मास्टर्स जिंकला. पुढे पेटंटची मुदत संपली आणि तो आकार सगळ्यांचा झाला. टायगर वुड्सने १९९९ पासून ज्या स्कॉटी कॅमेरॉन पटरने १५ पैकी १४ मोठ्या स्पर्धा जिंकल्या, त्याचा आकारही याच घराण्यातला. पिंगवाल्यांची एक रीत आहे. त्यांच्या पटरने कुणी मोठी स्पर्धा जिंकली की त्या पटरची सोन्याची प्रत करायची, एक जिंकणाऱ्याला, एक आपल्या तिजोरीत. चांभाराच्या पोराच्या गॅरेजातली काठी, आणि तिला सोनं!

दिसणं, नाद, आणि कुणी दिला

मग आवडतं काय? शास्त्राने बरंच सांगता येतं. १९८६ मध्ये ४६ वर्षांचा जॅक निक्लॉस एक भलंमोठं डोकं असलेला पटर घेऊन मास्टर्सला उतरला. लोक हसले. शेवटच्या दिवशी शेवटच्या नऊ खड्ड्यांत त्याने फक्त ३० फटके घेतले आणि सहाव्यांदा मास्टर्स जिंकला. हसणारेच दुसऱ्या दिवशी तसाच पटर मागायला धावले. २००१ मध्ये ओडिसीचा 'टू बॉल' आला. पटरच्या मागे चेंडूएवढ्या दोन पांढऱ्या चकत्या, आणि पुढे खरा चेंडू. तिन्ही एका ओळीत आले की नेम लागला. रांगोळीचे ठिपके जसे सरळ दिसले की हाताला धीर येतो, तसं. नंतर लांब दांड्याचे पटर पोटाला टेकवून खेळायची टूम निघाली, पण २०१६ पासून नियमाने अंगाला टेकवणं बंद झालं. त्या दिवशी कितीतरी लोकांची लाडकी रीत एका ओळीने गेली.

पण शास्त्राच्या पलीकडची एक गोष्ट ऐका. बेन क्रेनशॉ. टेक्सासमधल्या ऑस्टिनचा. पंधरा वर्षांचा असताना वडिलांनी त्याला हार्वे पेनिक या त्याच्या गुरूंच्या दुकानातून विल्सनचा एक पातळ पटर घेऊन दिला. तो पुढे 'लिटल बेन' म्हणून प्रसिद्ध झाला. १९८४ मध्ये क्रेनशॉ मास्टर्स जिंकला. १९८७ च्या रायडर कपमध्ये मात्र रागाच्या भरात त्याच्याच हातून लिटल बेन तुटला. सामना चालू असताना मोडलेली काठी अशी बदलता येत नाही. उरलेले खड्डे त्याने लांब मारायच्या लोखंडी काठीने आणि वाळूच्या काठीच्या कडेने पट करत खेळले, आणि तरी शेवटच्या खड्ड्यापर्यंत लढून एका खड्ड्याने हरला. लिटल बेन दुरुस्त करून घेतला गेला. १९९५ मध्ये पेनिक गुरुजी गेले. क्रेनशॉने बुधवारी त्यांच्या शवपेटीला खांदा दिला आणि त्याच रविवारी, ४३ व्या वर्षी, पुन्हा मास्टर्स जिंकला. शेवटचा पट पडल्यावर तो कमरेत वाकून तोंड झाकून रडला. हे कुठल्या वजनाच्या गणितात बसवणार?

आता बडोदं

लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात गोल्फचं मैदान आहे हे बडोदेकरांना माहीत आहे. १९३० च्या दशकात प्रतापसिंहराव गायकवाडांनी ते युरोपियन पाहुण्यांसाठी करवून घेतलं. १९९० च्या दशकात त्यांचे नातू समरजितसिंह, जे स्वतः रणजी क्रिकेट खेळले, त्यांनी त्याची डागडुजी करून ते बाहेरच्या लोकांना खुलं केलं. मधल्या साठेक वर्षांत आमच्यासारख्यांच्या दृष्टीने गोल्फ म्हणजे भिंतीपलीकडचा खेळ. राजवाड्यात नोकरीला असणारे आत जात, बाकीचे भिंतीवरून झाडं बघत.

माझे मामा एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. साठच्या दशकात तिथला एक परदेशी इंजिनिअर मायदेशी परतताना घरातलं सामान वाटत होता. कुणी पंखा घेतला, कुणी खुर्च्या. मामांच्या वाट्याला आला एक पितळी डोक्याचा पटर. मामा आयुष्यात कधी गोल्फच्या मैदानावर गेले नाहीत. पण दांडिया बाजाराजवळच्या त्यांच्या घरात ओसरीच्या शहाबादी फरशीवर ते रोज संध्याकाळी पट करायचे. खड्डा म्हणजे आडवं ठेवलेलं स्टीलचं फुलपात्र. चेंडू आत गेला की 'टण्ण' व्हायचं. मामी आतून ओरडायच्या, "अहो, ते पाणी प्यायचं भांडं आहे!" मामा म्हणायचे, "धुऊन ठेवतो ना!" ठेवायचे नाहीत.

आम्ही मुलं विचारायचो, "मामा, तुम्हाला यात काय मजा वाटते?" ते म्हणायचे, "चेंडू नीट लागला की हाताला कळतं. कानाला नंतर कळतं." सोल्हेमचं नाव त्यांनी ऐकलेलं नव्हतं. पण सोल्हेम गॅरेजमध्ये जे ऐकत होता तेच मामा ओसरीवर ऐकत होते.

मामा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. गेल्या वर्षी ते घर विकायचं ठरलं. आमच्यातल्या कितीतरी जणांच्या घरी हेच चाललंय, त्यामुळे जास्त सांगत नाही. भांडी वाटली गेली, कपाटं गेली. पटर निघाला तेव्हा अमेरिकेतला मामेभाऊ फोनवर म्हणाला, "असले जुने पितळी पटर इथे लोक जमवतात. पितांबरीने छान घासून फोटो पाठव, किंमत काढतो." त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. चार जणांत पैसे वाटता येतात, काठी वाटता येत नाही.

मी त्याला कॅलॅमिटी जेनची गोष्ट सांगितली. घासून घासून जो चेहरा गेला त्याची. जुन्या वस्तू जमवणारेही वरचा काळसरपणा तसाच राहू द्या म्हणतात, हेही सांगितलं. मामी सगळं ऐकत होत्या. त्यांना जोन्स माहीत नाही, मास्टर्स माहीत नाही. त्या इतकंच म्हणाल्या, "त्याच्या मुठीला त्यांच्या अंगठ्याची खूण आहे. ती जाईल ना घासताना?" मूठ चामड्याची, आणि खरोखरच एका जागी दबून काळी झालेली. फोनवर थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग भाऊ म्हणाला, "नको, राहू दे. आई, तुझ्याकडेच ठेव." सध्या पटर मामींच्या नव्या फ्लॅटमध्ये दारामागे आहे. फुलपात्रही आहे. त्यातून त्या पाणी पितात.

ज्यांनी काठ्या उचलल्या

एक गोष्ट सांगायची राहिलीच. वर जी नावं आली ती सगळी काठी चालवणाऱ्यांची किंवा बनवणाऱ्यांची. काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन चालणारा, हिरवळ किती वेगाची आहे, चेंडू कुठे वळेल हे खेळाडूच्या आधी ओळखणारा कॅडी इतिहासात क्वचितच येतो. मुंबईत चेंबूरला गोल्फ क्लबाच्या आसपासच्या वस्त्यांतले कॅडी बांधकामाच्या लोखंडी सळया वाकवून त्याच्या काठ्या करतात आणि गल्लीबोळांत प्लास्टिकच्या चेंडूने गोल्फ खेळतात. परदेशी छायाचित्रकारांनी येऊन त्याचे फोटो काढले, तेव्हा आपल्याला कळलं. तिथे पटर वेगळा नाही, ड्रायव्हर वेगळा नाही. एकच सळई, आणि तीही प्रत्येकाची आपली वेगळी वाकवलेली. दुसऱ्याची सळई हातात बसत नाही म्हणतात. लाडकी काठी म्हणजे काय, हे त्यांना शिकवायला कुणी नको.

आज पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिम्पिकपर्यंत जाऊन आला. खेळ भिंतीपलीकडून अलीकडे येतोय, हळूहळू का होईना. पण भिंतीच्या आतल्या त्या साठ वर्षांत बडोद्यात, ग्वाल्हेरीत, हैदराबादेत, बेळगावच्या छावणीत गवत कुणी कापलं, पाहुण्यांच्या पिशव्या कुणी उचलल्या, हरवलेले चेंडू झुडपांतून कुणी शोधले? त्यांतले पुष्कळ आपल्यातलेच असणार. राजवाड्याच्या कागदांत पाहुण्यांची नावं सापडतील. यांची सापडली तर आपल्याच घरांत सापडतील, आजीच्या बोलण्यात, नाहीतर एखाद्या जुन्या फोटोच्या कडेला उभ्या असलेल्या माणसात.

तेव्हा विनंती एवढीच: कुणाचे आजोबा, पणजोबा, काका कुठल्याही संस्थानी किंवा छावणीच्या मैदानावर कामाला असतील, तर खाली लिहा. नाव आठवत नसेल तर काम लिहा. घरात एखादी जुनी काठी पडली असेल तर फोटो टाका. फक्त आधी घासू नका.